रेशमाच्या नगरीतील अळ्या

कुवेंपुनगर हे म्हैसूर शहराच्या नैर्ऋत्य भागातील एक मोठे निवासी उपनगर होय. कन्नड महाकवी कु. वें. पुट्टप्पा (१९०४–१९९४) यांच्या 'कुवेंपु' या काव्यनामावरून त्याला हे नाव मिळाले. येथील बहुतेक घरांभोवती लहानमोठे आवार असते आणि त्या आवारात देवपूजेपुरती फुले व स्वयंपाकापुरता पाला मिळावा अशी झाडे लावलेली आढळतात. तगर, कण्हेर, मोगरा, गुलाब, शेवगा, कढीलिंब आणि कुंपणाकडेला लिलीचे कांदे हा या बागांचा नेहमीचा परिवार होय. समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर उंचीवर वसलेल्या या शहराची हवा सौम्य आहे. मे महिन्यातील वळीव आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधील पाऊस यांमुळे झाडांना वर्षातून दोनदा जोमाची पालवी फुटते. या पालवीची वाट माणसाप्रमाणेच पतंगांच्या माद्याही पाहत असतात.

पाऊस पडून पंधरवडा लोटला की एखाद्या सकाळी तगरीच्या शेंड्याकडील फांद्या पार निष्पर्ण झालेल्या दिसतात. झाडाखालच्या फरशीवर मिऱ्याएवढ्या काळसर लेंड्या पडलेल्या असतात. आदल्या दिवशी हिरवेगार असलेले झाड एका रात्रीत ओरबाडले गेले, असे घरच्या मंडळींना वाटते आणि कीटकनाशकाची बाटली आणण्यासाठी कोणीतरी बाजाराकडे निघतो.

तो ज्या शहरात राहतो, त्याची कीर्ती मात्र एका पतंगाच्या अळीवर उभी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस टिपू सुलतानाने म्हैसूरच्या राज्यात रेशीमकिड्यांच्या पैदाशीला चालना दिली. १९१२ साली येथे रेशमी वस्त्रे विणण्याचा सरकारी कारखाना निघाला. १९६१ साली केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. कारखाना आणि संस्था ही दोन्ही शहराच्या याच दक्षिण अंगाला, मानंदवाडी रस्त्यावर आहेत. पाने खाणारी अळी निरोगी कशी राहील, भरपूर कशी खाईल आणि वेळेवर कोश कसा विणील, याचा अभ्यास तेथे होत असतो. अळ्यांना आवर घालू पाहणाऱ्या बागप्रेमी माणसाला लागणारे बहुतेक सारे ज्ञान या रेशीमकिड्याच्या अभ्यासात साठलेले आहे. पाळणारा जे टाळतो ते बागवानाने घडू द्यावे आणि पाळणारा ज्याची काळजी घेतो तेथे बागवानाने लक्ष घालावे, असे त्याचे थोडक्यात सार सांगता येईल. रेशीमशेतीचे ज्ञान असे उलट बाजूने वाचल्यास बागेतील अळ्यांचा प्रश्न पुष्कळसा सोपा होतो आणि विषाची गरज फारच थोड्या प्रसंगी उरते.

अळीचे वय

पतंगाच्या आयुष्यात अंडी, अळी, कोश आणि पंख फुटलेला पतंग अशा चार अवस्था असतात, हे आज शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. सतराव्या शतकातील युरोपात मात्र किडे चिखलातून वा कुजक्या पदार्थांतून आपोआप उपजतात, असा समज प्रचलित होता. मारिया सिबिला मेरियन या जर्मन चित्रकर्तीने वयाच्या तेराव्या वर्षी, १६६० साली, फ्रँकफुर्ट येथे रेशीमकिडे पाळून त्यांचे निरीक्षण सुरू केले. पुढे बागेतील इतर अळ्याही तिने पाळल्या आणि प्रत्येक अळी, तिचे खाद्यझाड, कोश व पतंग यांची एकत्र चित्रे असलेला ग्रंथ १६७९ साली प्रसिद्ध केला. बागेतील अळ्यांच्या पद्धतशीर अभ्यासाचा आरंभही अशा रीतीने रेशीमकिड्यापासूनच झाला.

रेशीमकिड्याची अळी सुमारे पंचवीस दिवस खाते. या काळात ती चार वेळा कात टाकते, म्हणजे तिच्या वाढीच्या पाच अवस्था होतात. अंड्यातून बाहेर पडते वेळी असलेले तिचे वजन अखेरीस सुमारे दहा हजार पटींनी वाढलेले असते. ती आयुष्यभरात जेवढा पाला खाते, त्यातील चार-पंचमांशाहून अधिक पाला केवळ शेवटच्या, पाचव्या अवस्थेत म्हणजे सुमारे एका आठवड्यात फस्त होतो. थोड्याफार फरकाने हाच क्रम बागेतील इतर अळ्यांनाही लागू पडतो.

'एका रात्रीत झाड खाल्ले' या तक्रारीचा उलगडा येथे होतो. अळ्या झाडावर दोन आठवड्यांपासून असतात. परंतु त्या काळात त्या इतक्या लहान असतात आणि इतके थोडे खातात की त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. नुकसान डोळ्यांत भरते तेव्हा अळीचे खाणे बहुधा संपत आलेले असते आणि ती कोशात जाण्याच्या बेतात असते. त्या दिवशी मारलेल्या फवाऱ्याचा उपयोग अल्प आणि अपाय पुष्कळ होतो.

पहिल्या दोन अवस्थांतील रेशीमकिड्यांना रेशीमशेतीत 'चॉकी' म्हणतात. पाळणारे शेतकरी चॉकीला डोळ्यांत तेल घालून जपतात; कारण या वयात अळी सर्वांत नाजूक असते. बागेतील अळ्याही याच वयात सर्वांत सहज आवरता येतात. पुष्कळ जातींच्या अळ्या या काळात एकाच पानावर जमावाने राहतात. असे एक पान खुडून साबणाच्या पाण्यात बुडविले की पुढील शेकडो अळ्यांचा प्रश्न मिटतो. याकरिता आठवड्यातून दोनदा, पाऊस पडून गेल्यावर तर एक दिवसाआड, पानांची खालची बाजू पाहण्याची सवय मात्र लावून घ्यावी लागते.

बागेतील काही परिचित अळ्या

खाल्लेले पान दिसले म्हणजे अळीच आली असे समजू नये. गुलाबाच्या पानाच्या कडेचे गोल, कात्रीने कापल्यासारखे तुकडे गेले असतील तर ते घरट्यासाठी पाने नेणाऱ्या एका जातीच्या मधमाशीचे काम असते आणि त्यापासून झाडाला अपाय होत नाही. पानावर वाळलेल्या चिकट रेषा असतील तर गोगलगाय येऊन गेलेली असते. लेंड्या मात्र अळीची खात्रीलायक खूण होत. जमिनीवर लेंड्या दिसल्या की तेथूनच सरळ वर पाहावे, म्हणजे पानांच्या रंगात मिसळून गेलेली अळी सापडते.

तगरीवर आणि कण्हेरीवर आढळणारी मोठी हिरवी अळी ही कण्हेरीच्या पतंगाची असते. पूर्ण वाढल्यावर ती सुमारे आठ सेंटिमीटर लांब होते. डोक्यामागे दोन निळसर डोळ्यांसारखे ठिपके आणि शेपटीकडे एक लहानसे शिंग असते. डिवचले असता ती पुढील भाग फुगवून ते ठिपके दाखविते. पाहणारा दचकतो, परंतु ती चावत नाही आणि दंशही करीत नाही. कण्हेरीचा पाला माणसाला व गुरांना घातक असतो, तो ही अळी निर्धास्तपणे खाते. कोशाची वेळ आली की तिचा रंग तपकिरी होतो आणि ती खाली उतरून पालापाचोळ्यात शिरते. अशा तपकिरी अळीचे खाणे संपलेले असल्यामुळे तिला मारून काही लाभ नसतो. मोठ्या झाडावर या अळ्या सहसा मोजक्याच असतात. त्या हाताने वेचता येतात आणि न वेचल्या तरी तगरीला महिन्याभरात नवी पालवी फुटते. झाड लहान, नुकतेच लावलेले असल्यास मात्र वेचणे अवश्य असते.

लिलीवरील अळी याहून अधिक त्रासदायक होय. काळ्या अंगावर पांढरे व तांबडे ठिपके असलेल्या या अळ्या पावसाळ्यात जमावाने येतात. प्रथम त्या पानाचा हिरवा भाग खरवडतात, पुढे सगळे पान खातात आणि अखेरीस कांद्यापर्यंत पोचतात. कळलावीच्या वेलीवरही त्या आढळतात. त्यांचा पतंगही लाल, पिवळ्या आणि काळ्या नक्षीचा असतो. त्यांचे भडक रंग पक्ष्यांना धोक्याची सूचना देतात, त्यामुळे पक्ष्यांकडून येथे फारशी मदत होत नाही. पानाच्या खालच्या बाजूस अंडी किंवा खरवडलेले पट्टे दिसताच ते पान काढून टाकावे. कोश मातीत असल्यामुळे पावसाळा संपल्यावर लिलीभोवतीची माती वरच्या वर हलवून घ्यावी. उघडे पडलेले कोश साळुंक्या वेचतात.

मोगरा आणि जाई ही म्हैसूरची आवडती फुले. यांच्या कळीत शिरणारी एक लहान हिरवट अळी कळी आतून पोखरते. अशा कळ्या उमलत नाहीत, त्यांचा रंग जांभळट होतो आणि पुष्कळदा शेजारच्या दोनतीन कळ्या बारीक जाळ्याने एकमेकींस चिकटलेल्या असतात. दुसरी एक अळी पाने जाळ्याने बांधून त्यांच्या आड राहते आणि पानाच्या केवळ शिरा शिल्लक ठेवते. कळीच्या वा जाळ्याच्या आत फवारा पोचत नाही. म्हणून रोज फुले खुडताना बिघडलेल्या कळ्याही खुडाव्यात आणि त्या तेथेच न टाकता नष्ट कराव्यात. फुलांचा बहर ओसरल्यावर हिवाळ्यात केलेली छाटणी यावर मोठा उपाय ठरते.

शेवग्याच्या खोडावर दिवसा एकत्र जमून राहणारे केसाळ सुरवंट सर्वांच्या परिचयाचे आहेत. कन्नडमध्ये केसाळ सुरवंटास 'कंबळिहुळु' म्हणजे घोंगडीचा किडा असे समर्पक नाव आहे. रात्री हे सुरवंट फांद्यांवर चढून पाने खातात आणि सकाळी पुन्हा खोडावर उतरतात. त्यांचे केस त्वचेस लागले असता आग होते व गांध्या उठतात. पेटत्या पलित्याने त्यांना जाळण्याची रीत जुनी आहे. परंतु तीमुळे साल होरपळते आणि तुटलेले केस हवेत उडतात. लांब दांड्याच्या झाडूने जमाव साबणाच्या पाण्याच्या बादलीत पाडणे अधिक बरे. त्या वेळी हातमोजे घालावेत आणि डोळे जपावेत. अंगाला केस लागलेच तर चोळू नये. चिकटपट्टी हलकेच लावून काढल्यास केस निघून येतात. त्यानंतर ती जागा साबणाने धुवावी. डोळ्यात केस गेल्यास मात्र डॉक्टरांकडेच जावे. नारळ, आंबा, एरंड, गुलाब यांच्या पानांवर बसणाऱ्या हिरव्या, चपट्या, काटेरी अळीच्या बाबतीतही हीच दक्षता घ्यावी. तिचा काटा लागताच चटका बसल्यासारखी वेदना होते.

सर्वांत खादाड अशी अळी म्हणजे तंबाखूवरील अळी. म्हैसूर जिल्ह्यातील हुणसूर, पिरियापट्टण या भागांत तंबाखूची मोठी लागवड होते. परंतु ही अळी तंबाखूवरच थांबत नाही. कोबी, टोमॅटो, एरंड, अळू, शेवंती, गुलाब असे नानाविध खाद्य तिला चालते. मादी एकाच पुंजक्यात शेकडो अंडी घालते आणि तो पुंजका आपल्या अंगावरील तपकिरी केसांनी झाकते. लहान अळ्या एकत्र राहून पानाची जाळी करतात. मोठ्या झाल्यावर त्या पांगतात, दिवसा मातीत दडतात आणि रात्री खातात. म्हणून दिवसा झाडावर काहीच दिसत नसेल, तर रात्री दिवा घेऊन पाहावे. ज्याने केसाळ पुंजका ओळखून वेळीच काढला, त्याचे काम एका मिनिटात होते. ज्याने तो सोडला, त्याला पुढे दोन आठवडे रात्री जागवाव्या लागतात.

कढीलिंबावर आणि लिंबाच्या झाडावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी लहान अळी आढळते. पुढे ती हिरवी होते आणि डिवचल्यास डोक्यामागून नारिंगी, दुभागलेले, उग्र वासाचे शिंग बाहेर काढते. ही पतंगाची नसून फुलपाखराची अळी होय. झाड मोठे असल्यास तिला एखादी फांदी मोकळी सोडण्यास हरकत नसावी.

बिनपगारी राखणदार

रेशीमकिडे पाळणारा शेतकरी आपल्या खोल्यांच्या खिडक्यांना बारीक जाळ्या बसवितो. याचे एक मोठे कारण म्हणजे उझी माशी. ही माशी रेशीमकिड्याच्या अंगावर अंडे घालते. अंड्यातून निघालेली अळी त्याच्या शरीरात शिरते आणि त्याला आतून खाते. किड्याने कोश विणलाच तर ती कोश भोसकून बाहेर पडते आणि रेशमाचा अखंड धागा तुटतो. पश्चिम बंगालमध्ये ही माशी पूर्वीपासून होती. १९८० साली ती कर्नाटकात पोचली आणि तेथील रेशीम उत्पादकांना तिने मोठा तडाखा दिला. तिच्यावर विष फवारावे तर ते रेशीमकिड्यालाच बाधते. म्हणून जाळ्यांच्या जोडीला 'नेसोलिंक्स थायमस' नावाची एक चिमुकली गांधीलमाशी वापरण्यात येऊ लागली. ही गांधीलमाशी उझी माशीच्या कोशात आपली अंडी घालते.

रेशीमघरात जी माशी चोरासारखी शिरते, तिच्याच जातभाई बागेत राखणदाराचे काम करतात. पानांवरील कित्येक अळ्या अशा माश्यांना आणि बारीक गांधीलमाश्यांना बळी पडतात. एखाद्या मलूल अळीच्या पाठीवर तांदळाच्या कणीएवढे पांढरे कोश चिकटलेले दिसतात. ती अळीची अंडी आहेत असे समजून लोक ती चिरडतात. वस्तुतः ते गांधीलमाशीचे कोश असतात आणि ती अळी मृत्युपंथाला लागलेली असते. अशी अळी जेथल्या तेथे राहू द्यावी, कारण त्या कोशांतून निघणाऱ्या माश्या पुढील पिढीच्या अळ्यांचा समाचार घेतात. ट्रायकोग्रामा नावाची गांधीलमाशी तर एक मिलिमीटरपेक्षाही लहान असते आणि पतंगाच्या अंड्यातच आपले अंडे घालते. खिडकीच्या चौकटीवर मातीचे सुबक गाडगे करणारी कुंभारीण माशी त्यात आपल्या पिलांसाठी अळ्याच साठवीत असते. ते गाडगे खरवडून काढणारा गृहस्थ आपल्याच बागेचा रक्षक हाकलून देत असतो.

बुलबुल, शिंपी, साळुंकी हे पक्षी पिलांना भरविण्यासाठी दिवसभर अळ्या वेचतात. केसाळ सुरवंटांना बहुतेक पक्षी टाळतात, परंतु पावशा आणि चातक यांना ते आवडतात. 'पेर्ते व्हा' म्हणून शेतकऱ्याला हाकारणारा पावशा सुरवंटांच्या हंगामातच बोलतो, ही गोष्ट या दृष्टीने ध्यानात घेण्याजोगी आहे.

रोगही अळ्यांची संख्या आटोक्यात ठेवतात. दमट हवा आणि दाटी यांमुळे रेशीमकिड्यांमध्ये रोग फैलावतो, म्हणून पाळणारा खोली कोरडी व ताटे विरळ ठेवतो. बागेत पावसाळ्यात कधी कधी फांदीवरून उलट्या लोंबकळणाऱ्या, लिबलिबीत झालेल्या मृत अळ्या दिसतात. त्यांना विषाणूचा रोग झालेला असतो. हे विषाणू सामान्यतः आपापल्या ठराविक जातीलाच बाधतात. तंबाखूवरील अळीच्या विषाणूचे फवारे याच गुणामुळे शेतीत वापरले जातात.

विषाचा हिशेब

अळ्या आणि विष यांचा आधुनिक इतिहासही रेशमाच्याच एका प्रयोगापासून सुरू होतो. एत्येन लेओपोल्ड त्रूव्हेलो हा फ्रेंच गृहस्थ अमेरिकेत बॉस्टनजवळील मेडफर्ड गावी राहत असे. रेशीम देणाऱ्या पतंगांचे प्रयोग करण्यासाठी त्याने १८६८-६९ च्या सुमारास युरोपातून एका केसाळ सुरवंटाच्या पतंगाची अंडी आणविली. त्यांतील काही अळ्या त्याच्या आवारातून निसटल्या. वीस वर्षे त्यांची फारशी वाच्यता झाली नाही. १८८९ साली मात्र मेडफर्डमधील झाडे निष्पर्ण झाली, घरांच्या भिंती सुरवंटांनी झाकल्या गेल्या आणि पुढच्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स राज्याने त्यांच्या उच्चाटनाची मोहीम हाती घेतली.

या मोहिमेतून १८९० नंतरच्या दशकात लेड आर्सेनेट हे शिसे व आर्सेनिक यांचे विष पुढे आले. नंतर अनेक दशके ते फळबागांवर मुक्तहस्ते फवारले गेले. त्याचा अंश जुन्या बागांच्या मातीत अजूनही सापडतो. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीची पाळी आली. १९५७ साली याच सुरवंटासाठी न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडवर विमानांतून डीडीटी फवारण्यात आले. घरे, भाजीचे वाफे आणि गुरांची कुरणे यांवरही ते पडले आणि रहिवाशांनी न्यायालयात धाव घेतली. रेचेल कार्सन यांच्या १९६२ सालच्या 'सायलेंट स्प्रिंग' या ग्रंथात या फवारणीची हकिगत आलेली आहे. एवढे सर्व होऊनही तो सुरवंट अमेरिकेतून हटला नाही. तो आजही तेथील वनांत आहे.

मराठी वाचकाला दूरचे उदाहरण शोधण्याची गरज नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. घरच्या बागेत मात्रा लहान असते हे खरे. परंतु तेथे फवाऱ्याखालचा कढीलिंब संध्याकाळी आमटीत पडतो, मुले त्याच मातीत खेळतात आणि फवारणारा माणूस बहुधा हातमोजेही घालीत नाही. तंबाखूचा काढा घरगुती म्हणून निरुपद्रवी समजला जातो, तोही तसा नाही. त्यातील निकोटीन त्वचेवाटे शरीरात शिरते. रेशीम उत्पादकांना तुतीजवळ तंबाखूची लागवड टाळण्यास सांगितले जाते, ते याच द्रव्यामुळे.

विषाला अळी आणि अळी यांतील भेद कळत नाही, ही गोष्ट रेशमाच्या प्रदेशात विशेष महत्त्वाची ठरते. म्हैसूर, मंड्या, चामराजनगर, रामनगर या भागांत असंख्य कुटुंबे तुतीच्या पाल्यावर पोट भरतात. महाराष्ट्रात बीड, जालना या जिल्ह्यांतही तुतीची लागवड वाढलेली आहे. शेजारच्या पिकावर फवारलेले औषध वाऱ्याने तुतीवर आले आणि तो पाला किड्यांना घातला गेला, तर काही तासांत पूर्ण खेप हातची जाऊ शकते. गावाकडे ते एका कुटुंबाच्या महिन्याभराच्या श्रमाचे आणि कमाईचे नुकसान असते. बागेत मरतात त्या गांधीलमाश्या, कुंभारणी आणि मधमाश्या. त्यांच्या मृत्यूची दाद मागणारा कोणी नसतो. मात्र पुढच्या पालवीवर अळ्या आल्या म्हणजे राखणदार उरलेले नाहीत, हे घरमालकाच्या ध्यानात येते.

सौम्य औषधे आणि त्यांची मर्यादा

हाताने वेचणे पुरत नसेल तेव्हा दोन सौम्य उपाय उपलब्ध आहेत. पहिला निंबोळीचा. वाळलेल्या निंबोळ्यांचा पन्नास ग्रॅम गर भरडून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावा, सकाळी फडक्याने गाळावा, त्यात थोडा साबण मिसळावा आणि संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंना फवारावा. कडुनिंबातील द्रव्य अळीची भूक मोडते आणि तिच्या कात टाकण्यात बिघाड करते. दुसऱ्या दिवशी अळ्या मेलेल्या दिसल्या नाहीत म्हणून निराश होऊ नये. पाने खाल्ली जाणे थांबले की नाही, एवढे पाहावे. हा उपाय लहान अळ्यांवरच गुणकारी ठरतो.

दुसरा उपाय 'बॅसिलस थुरिन्जिएन्सिस' या जिवाणूचा. त्याची भुकटी वा द्रावण बाजारात मिळते. त्याचा शोध रेशीमघरातच लागला, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. जपानमध्ये रेशीमकिडे अकस्मात गळून मरू लागले, त्याचे कारण शोधताना शिगेताने इशिवाता यांना १९०१ साली हा जिवाणू सापडला. पुढे १९११ साली अर्न्स्ट बर्लिनर यांनी जर्मनीतील थुरिन्जिया प्रांतात पिठातील पतंगाच्या अळीमध्ये तो पाहिला आणि त्या प्रांतावरून त्याला नाव दिले. १९३८ साली फ्रान्समध्ये त्याचे कीटकनाशक विक्रीस आले. एका देशात ज्याला रोग म्हणून ओळखले गेले, तोच दुसरीकडे औषध ठरला.

या जिवाणूत प्रथिनाचे स्फटिक असतात. अळीच्या आतड्यातील अल्कधर्मी रसात ते विरघळतात आणि आतड्याच्या अस्तराला छिद्रे पाडतात. अळीचे खाणे काही तासांत बंद पडते आणि दोनतीन दिवसांत ती मरते. माणसाच्या जठरातील रस आम्ल असल्यामुळे त्याला हा अपाय होत नाही. पक्षी आणि मधमाश्याही सामान्यतः सुरक्षित राहतात. परंतु फवारलेले पान अळीने खाल्ले तरच हा उपाय लागू पडतो. उन्हाने त्याची शक्ती काही दिवसांत जाते, म्हणून फवारणी संध्याकाळी करावी. मोठ्या अळ्यांवर त्याचा परिणाम कमी होतो. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की पतंगाची आणि फुलपाखराची कोणतीही अळी त्याला बळी पडू शकते. रेशीमकिडा तर त्याचा पहिला ज्ञात बळी होय. ज्या आवारात वा शेजारी तुतीचे झाड असेल, किंवा जवळपास कोणी रेशीमकिडे पाळीत असेल, तेथे हा जिवाणू वापरू नये.

मुळा, मोहरी यांच्या पानांवर येणारी काळपट अळी मात्र या औषधाला दाद देत नाही. ती दिसते अळीसारखी, परंतु पतंगाची नसते. पोटाखालचे पाय मोजले म्हणजे फरक कळतो. पतंगाच्या अळीला छातीवरील तीन जोड्यांशिवाय पोटाखाली अधिकात अधिक पाच जोड्या पाय असतात. मोहरीवरील या अळीला त्या आठ असतात. ती सकाळी हाताने वेचावी.

किती पाने सोडावीत

निरोगी, मुरलेले झाड आपल्या पाल्यापैकी काही भाग गमावूनही पुन्हा उभे राहते. रेशीमशेतीत तर तुतीची सारी पाने वर्षातून अनेकदा काढून घेतली जातात आणि खत-पाणी मिळताच ती पुन्हा फुटते. तगर, कण्हेर, शेवगा ही झाडेही अशीच चिवट आहेत. याउलट नवी रोपे, लिलीचे कांदे, कुंड्यांतील गुलाब आणि मोगऱ्याच्या कळ्या यांना थोडे नुकसानही सोसत नाही. म्हणून बागेतील झाडांचे असे दोन गट मनाशी करून ठेवावेत. पहिल्या गटाकडे अधूनमधून पाहिले तरी पुरते. दुसऱ्या गटाची पाने आठवड्यातून दोनदा उलटून पाहावीत.

म्हैसूरला दसऱ्याच्या सुमारास पुष्पप्रदर्शन भरते आणि घरोघरच्या बागाही त्या वेळी सजतात. नेमक्या त्याच दिवसांत पावसामुळे अळ्यांचाही बहर असतो आणि फवाऱ्याचा मोह सर्वांत अधिक होतो. ज्याने भाद्रपदापासून पाने उलटून पाहिली, अंड्यांचे पुंजके काढले आणि बिघडलेल्या कळ्या खुडल्या, त्याच्यावर ही पाळी सहसा येत नाही. त्याच्या तगरीवर एखाददुसरी हिरवी अळी उरलेली असते. ती यथाकाळ तपकिरी होऊन पाचोळ्यात उतरते आणि पुढे एका संध्याकाळी हिरव्या-गुलाबी नक्षीचा एक मोठा पतंग आवारातील सुगंधी फुलांभोवती घोंघावताना दिसतो. दोनतीन फांद्यांच्या पाल्याचा हा मोबदला घरच्या मुलांना सहसा महाग वाटत नाही.